मांजराच्या मेंदूतील गाठ : ओळखावी कशी?

मराठी घरात मांजर फार पूर्वीपासून नांदत आले आहे. उंदरांच्या निमित्ताने ते स्वयंपाकघरात शिरले आणि दुधाच्या निमित्ताने तेथेच राहिले. षष्ठीदेवीचे वाहन म्हणून लेकुरवाळ्या बायका त्याच्यावर हात उगारीत नाहीत. हातून मांजर मेले तर काशीस जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, हा धाक आमच्या लहानपणी पुरुषांनाही असे. एवढा मान असूनही मांजराच्या दुखण्याखुपण्याकडे मात्र आपले लक्ष फारसे गेले नाही. गाय आटली, बैल लंगडू लागला की गुरांच्या दवाखान्याची वाट धरावयाची. मांजराने खाणे सोडले तर 'बाहेर काहीबाही खाल्ले असेल' म्हणून गप्प बसावयाचे. ते माळ्यावर किंवा कोठीच्या कोपऱ्यात जाऊन पडे आणि एके दिवशी दिसेनासे होई. मांजर मरावयास घर सोडून जाते, हे त्यावरचे ठरलेले उत्तर.

आता दिवस पालटले आहेत. आपल्या इंदुरातही वाडे गेले, सदनिका आल्या, आणि मांजरे घराबाहेर पाऊल न टाकता लहानाची मोठी होऊ लागली. त्यांना वेळच्या वेळी लस टोचली जाते, पंधरा-सोळा वर्षांचे आयुष्य लाभते. दीर्घायुष्याबरोबर म्हातारपणाचे विकारही येणारच. त्यांपैकी एका विरळ्या विकाराविषयी, मेंदूत होणाऱ्या गाठीविषयी, आज चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे. आम्ही पशुवैद्य नव्हे, भाषा शिकविणारे मास्तर आहोत. तेव्हा औषधयोजना सांगण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु ह्या विकाराचे निदान कसे होते हे वाचता वाचता आमच्या ध्यानात असे आले की, त्यातील पहिला आणि फार मोलाचा भाग दवाखान्यात घडतच नाही. तो घरात घडतो, आणि तेथेच बहुधा चुकतो.

प्रथम शब्दाविषयी. आपल्या जुन्या वैद्यकात गाठीला 'अर्बुद' म्हणत; सुश्रुतसंहितेत ग्रंथी आणि अर्बुद ह्यांचा विचार एकाच अध्यायात पण वेगवेगळा केलेला आहे. हाच शब्द गणितात दहा कोटींच्या संख्येला लावतात आणि अबूच्या पहाडालाही लावतात. वाढत जाणे, फुगत जाणे ही कल्पना तिन्हींत दिसते. मात्र पहाडाला वाढावयास मोकळे आकाश असते. मेंदूतील अर्बुदाला कवटीची बंद पेटी असते. मांजराचा मेंदू सुमारे तीस ग्रॅम वजनाचा. त्या पेटीत वाटाण्याएवढी गाठ झाली तरी कोणाला तरी अंग चोरावे लागणार, आणि अंग चोरतो तो मेंदू.

हा विकार विरळा म्हणजे किती विरळा? पाश्चात्त्य ग्रंथांतून वर्षानुवर्षे उद्धृत होणारा आकडा दर लाख मांजरांमागे साडेतीनाचा आहे. कुत्र्यांत तो साडेचौदाचा सांगतात. आकडे जुने आहेत आणि गाठी शोधण्याची साधने तुटपुंजी होती त्या काळचे आहेत, एवढे लक्षात ठेवून ते वाचावेत. ह्याहून अधिक भरवशाची माहिती अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००३ साली प्रसिद्ध केली. १९८५ ते २००१ ह्या काळात कवटीच्या आत गाठ सापडलेल्या १६० मांजरांची कागदपत्रे त्यांनी पुन्हा काढून तपासली. मांजरांचे सरासरी वय अकरा वर्षांच्या थोडे पुढे होते. १६० पैकी ९३ मांजरांना 'मेनिंजिओमा' होता, म्हणजे मेंदूवरच्या आवरणातून उगवणारी गाठ. २३ जणांना 'लिंफोमा' हा पांढऱ्या पेशींचा कर्करोग होता, १४ जणांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीची गाठ होती, आणि खुद्द मेंदूच्या आधारपेशींतून होणारा 'ग्लायोमा' फक्त १२ जणांना. उरलेल्या १८ मांजरांत याहूनही दुर्मिळ अशा गाठी, तसेच शरीरात अन्यत्र उद्भवून मेंदूत पोहोचलेले किंवा शेजारून आत घुसलेले कर्करोग होते. म्हणजे विरळ्यातही विरळे असे थर आहेत, आणि निदानाची खरी कसोटी त्या खालच्या थरांत लागते.

परंतु ह्या अभ्यासातील ज्या एका आकड्यापाशी आम्ही थबकलो तो निराळाच आहे. १६० पैकी ३४ मांजरांत मेंदूच्या विकाराचे म्हणावे असे एकही ठळक लक्षण नव्हते. त्यांतील ३० जणांची गाठ तर दुसऱ्याच कारणाने तपासणी करताना किंवा मृत्यूनंतर अवचित सापडलेली. सावकाश वाढणाऱ्या गाठीला मेंदू जागा करून देत जातो आणि बरेच दिवस कुरकुर करीत नाही. त्यात मांजराचा स्वभाव भर घालतो. स्वतः शिकार करणारा आणि दुसऱ्याची शिकारही होणारा हा प्राणी. अशक्तपणा दाखविणे त्याच्या हिताचे नसते. कुत्रे कण्हते, पायाशी येऊन लोळते. मांजर कपाटामागे जाऊन बसते.

मग दिसते काय? त्या अभ्यासात सर्वांत अधिक आढळलेली गोष्ट म्हणजे शुद्धीत आणि हुशारीत पडलेला फरक. चारांतील एका मांजरात ती होती. त्याखालोखाल एकाच दिशेने गोल गोल फिरणे आणि झटके येणे, ही दोन्ही प्रत्येकी ३६ मांजरांत. मग चालताना झोकांड्या जाणे, स्वभाव पालटणे. कागदावर ही लक्षणे ठसठशीत वाटतात. घरात ती अशी येत नाहीत. घरात ती 'हल्ली ही फार झोपते बाई' ह्या शब्दांत येतात. उडी चुकते. रोज ज्या खिडकीत बसावयाचे तिच्याखाली उभे राहून मांजर वर पाहते आणि परत फिरते. मातीच्या पेटीऐवजी पेटीशेजारी घाण करते. ताटलीच्या एकाच बाजूचे खाते, दुसरी बाजू तशीच ठेवते. भिंतीकडे तोंड करून उभे राहते, कधी भिंतीला कपाळ टेकून राहते. मांडीवर येणारे येईनासे होते, किंवा कधी न येणारे एकाएकी बिलगू लागते. ह्या प्रत्येक गोष्टीला घरातील माणसांपाशी एकच खुलासा तयार असतो : वय झाले.

आम्हांस येथे शाळेतील एक गोष्ट आठवते. मागच्या बाकावर बसून फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेणाऱ्या मुलाला पूर्वी सरसकट 'मठ्ठ' म्हणत. त्याच्या डोळ्यांना चष्मा हवा आहे हे पुष्कळदा फार उशिरा कळे. 'म्हातारे झाले' हा शब्द मांजराच्या बाबतीत हेच काम करतो. म्हातारपण हे निदान नव्हे. म्हातारे मांजर सावकाश चालेल, परंतु ते दोन्ही बाजूंनी सावकाश चालेल. जेव्हा बदल एकाच बाजूचा असतो, किंवा महिन्या-दोन महिन्यांत भराभर होतो, तेव्हा वयाकडे बोट दाखवून भागत नाही.

पशुवैद्याच्या टेबलावर मांजर ठेवल्यानंतर जी तपासणी होते ती पाहण्यासारखी असते, आणि तिला लागते काय, तर दोन हात, एक बॅटरी आणि शांत खोली. वैद्य आधी मांजराला खाली सोडून नुसते पाहतो : कोणत्या बाजूला वळते, कशाला धडकते. मग एकेका डोळ्यासमोर हात एकदम पुढे आणतो. दिसत असेल तर मांजर पापणी मिटते. हात फार जवळ आणावयाचा नाही, नाहीतर वाऱ्याच्या झोताने पापणी मिटेल आणि फसगत होईल. बॅटरीने दोन्ही बाहुल्या तपासतो. नाकपुडीच्या आत हलकेच स्पर्श करून मांजर मान मागे घेते का पाहतो. शेवटी एकेक पंजा उलटा करून टेबलावर टेकवतो. निरोगी मांजर तो क्षणात सरळ करते; ज्याच्या मेंदूला त्या पंजाची वार्ता नीट पोहोचत नाही ते तसेच उलट्या पंजावर उभे राहते.

ह्या साध्या खुणांतून जागेचा पत्ता लागतो, आणि पत्ता लावण्याची रीत मोठी मौजेची आहे. समजा मांजर सारखे उजवीकडे वळून फेरे घालीत आहे, परंतु डाव्या डोळ्यासमोर हात आणला तर पापणी मिटत नाही, आणि उलटे राहतात ते डावे पंजे. वाचकांस हा गोंधळ वाटेल. वैद्यास तो सुसंगत पुरावा वाटतो. मोठ्या मेंदूचा उजवा भाग शरीराच्या डाव्या बाजूचा कारभार पाहतो, म्हणून दृष्टी आणि पंजे डावीकडचे बिघडले. आणि आजारी मोठ्या मेंदूचे मांजर बहुधा दुखऱ्या बाजूकडेच वळते, म्हणून फेरे उजवीकडचे. तिन्ही खुणा उजव्या मोठ्या मेंदूकडे बोट दाखवितात. ह्याउलट मान एका बाजूला कलली आहे, मांजर पेंगलेले आहे आणि पंजे त्याच बाजूचे चुकत आहेत, तर संशय मेंदूच्या देठावर जातो. पाय वाजवीपेक्षा उंच उचलून टाकणे, खाऊ लागले की डोके थरथरणे, ही लहान मेंदूची तक्रार. आधी 'कोठे' आणि मग 'काय', हा मज्जाविकारांच्या निदानाचा क्रम आहे. जागा ठरल्यावाचून नाव ठरविण्यास जो धावतो तो चुकतो.

आमच्या गल्लीतील एका काकूंची ठमी नावाची मांजरी मागे एकाएकी मान वाकडी करून चालू लागली. उजवीकडे कलंडावयाची, डोळे लटलट हलावयाचे. 'मास्तर, हिच्यावर कोणी काही केलं तर नाही?' असे काकू आम्हांस विचारू लागल्या, तर त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाने मोबाइलवर वाचून 'आजी, हा ब्रेन ट्यूमरच' असा निकाल देऊन टाकला होता. पशुवैद्याने दोन्ही मते ऐकून घेतली आणि म्हणाले, 'काकू, आधी कान बघू या.' ठमी टवटवीत होती, चारही पंजे बिनचूक सरळ करीत होती. म्हणजे मेंदूचा देठ शाबूत असावा. उजव्या कानात खोलवर पू होता. तोल राखणारे इंद्रिय कानाच्याच आतल्या भागात असते, त्याला ती झळ लागली होती. तीन आठवड्यांच्या औषधाने ठमी सरळ चालू लागली. मान मात्र अजून किंचित कललेली असते, आणि काकू म्हणतात त्यामुळे ती अधिक शहाणी दिसते.

सांगण्याचा मुद्दा हा की, गाठीचे सोंग आणणारे विकार गाठीहून कितीतरी अधिक आहेत, आणि त्यांतले पुष्कळ बरे होण्याजोगे आहेत. म्हाताऱ्या मांजराचा रक्तदाब मूत्रपिंडाच्या किंवा गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या विकाराने चढतो. डोळ्याचा पडदा सुटून ते एका रात्रीत आंधळे होते, कधी झटकेही येतात. केवळ कच्च्या मासळीवर ठेवलेल्या मांजरास ब१ जीवनसत्त्वाची उणीव पडते, कारण काही जातींच्या मासळीत ते नष्ट करणारा घटक असतो. मग मान खाली छातीशी वाकते, बाहुल्या विस्फारतात, झटके येतात. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी, कवके, विषाणू मेंदूत सूज आणतात. कोरोना कुळातील एका विषाणूपासून मांजरांस होणारा 'एफआयपी' हा रोग पूर्वी मृत्यूचाच निरोप समजला जाई. २०१९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील संशोधकांनी नव्या विषाणुरोधक औषधाचे उत्साहजनक निष्कर्ष प्रसिद्ध केल्यापासून तोही पुष्कळ मांजरांत बरा होऊ लागला आहे. आणि आपल्याकडे फार घडणारी एक गोष्ट : कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारे पर्मेथ्रिनयुक्त औषध कोणी मांजराच्या मानेवर टाकते. काही तासांत मांजर थरथर कापू लागते, झटके येतात. ही विषबाधा आहे, आणि तेथे एमआरआयचा विचार करीत बसण्यापेक्षा रिक्षा बोलवावी.

झटक्यांच्या संदर्भात एक गमतीची वाटणारी हकिगतही सांगून ठेवतो. २०१५ साली ब्रिटिश पशुवैद्यकांनी काही म्हाताऱ्या मांजरांची नोंद केली. चुरचुरणारा कागद, वाटीवर आपटलेला चमचा, नाण्यांचा खुळखुळाट अशा बारीक टोकदार आवाजांनी त्यांना झटके येत. मालकांनी सांगितले तेव्हा पुष्कळ वैद्यांनी आधी विश्वास ठेवला नव्हता. ह्यासाठीच, झटका येत असेल तर मांजराच्या तोंडाजवळ हात न नेता मोबाइलवर त्याचे चित्रण करावे, आणि त्याआधी काय घडले ते लिहून ठेवावे. मांजराचा झटका नेहमी हातपाय झाडीत येत नाही; कधी केवळ अर्धा चेहरा फडफडतो, लाळ गळते, किंवा ते भूत दिसल्यासारखे खोलीभर धावत सुटते. शब्दांनी केलेल्या वर्णनापेक्षा अर्ध्या मिनिटाचे चित्रण वैद्यास अधिक सांगते, हे भाषेच्या मास्तरानेही मान्य केले पाहिजे.

रक्त, लघवी, रक्तदाब, छातीचे क्ष-किरण छायाचित्र, पोटाची सोनोग्राफी एवढे झाल्यावर, आणि खुणा मेंदूकडेच बोट दाखवीत राहिल्या तर, पाळी येते ती कवटीच्या आत डोकावण्याची. १९७१ सालच्या ऑक्टोबरात लंडनच्या विम्बल्डन भागातील एका रुग्णालयात हाउन्सफील्ड ह्यांच्या सीटी यंत्राने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूची छेदचित्रे घेतली, आणि त्या बाईंच्या मेंदूत गाठच निघाली. १९७३ साली लाउटरबर ह्यांनी चुंबकीय पद्धतीने पहिली प्रतिमा काढली. एकाला १९७९ चे, दुसऱ्याला २००३ चे नोबेल मिळाले. माणसांसाठी झालेल्या ह्या साधनांचा लाभ मागाहून मांजरांच्या वाट्याला आला. मांजर स्वस्थ पडून राहणार नाही, म्हणून एमआरआयसाठी पूर्ण भूल द्यावी लागते. मूत्रपिंडे अधू असलेल्या म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत हा निर्णयही हलका नसतो. भारतात जनावरांसाठी ही सोय अजून मोजक्या शहरांतच आहे, आणि खर्च मध्यम घराला पेलताना विचार करावयास लावणारा आहे.

चित्रात मेनिंजिओमा बहुधा ओळखू येतो. तो मेंदूच्या बाहेर, कवटीच्या आतल्या अंगाला रुंद बूड टेकवून बसलेला असतो. शिरेतून गॅडोलिनियमचे द्रावण दिले की सगळा एकसारखा उजळतो. त्याच्यावरचे कवटीचे हाड कधी जाडावलेले असते. मांजरात अशा गाठी काही वेळा एकाहून अधिक असतात. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांतून उगवणारे 'एपेंडिमोमा' आणि त्यांच्या भाऊबंदांतील गाठी पाण्याची वाट अडवितात, त्यामुळे पोकळ्या फुगलेल्या दिसतात. ग्लायोमा मात्र मेंदूच्या आतच, मेंदूच्या पेशींत मिसळून वाढतो. त्याच्या कडा पुसट असतात. द्रावणाने तो कधी कड्यासारखा उजळतो, कधी उजळतच नाही. सूज, रक्तपुरवठा तुटलेला भाग आणि ग्लायोमा ह्यांची चित्रे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती येऊ शकतात की अनुभवी माणूसही 'बहुधा' हा शब्द वापरतो. आमच्या मते तो शब्द वापरणारा वैद्य अधिक विश्वासार्ह. पुष्कळ मालकांना तो आवडत नाही, हेही खरे.

मानेच्या मागून सुई घालून मेंदूभोवतीचे पाणी काढून तपासतात. त्यात लिंफोमाच्या पेशी कधी सापडतात, जंतूंची सूज असेल तर तीही कळते. परंतु ही तपासणी चित्रे पाहिल्यानंतरच करावयाची असते. मांजराच्या मोठ्या आणि लहान मेंदूच्या मध्ये हाडाचाच पडदा असतो. गाठीमुळे वरचा दाब वाढलेला असताना खालून पाणी काढले तर मेंदू त्या पडद्याखाली घसरून मांजर दगावण्याचे भय असते.

पियूषिका ग्रंथीच्या गाठीची हकिगत ह्या सर्वांहून वेगळी. तिचा रुग्ण पुष्कळदा मेंदूविकाराचा म्हणून येतच नाही; तो येतो मधुमेही म्हणून. इन्सुलिन वाढवीत नेले तरी साखर उतरत नाही, आणि मधुमेही मांजर वाळावयाचे सोडून वजनाने वाढू लागते. कारण ती गाठ वाढीचे संप्रेरक बेसुमार सोडीत असते आणि ते इन्सुलिनचे काम पाडते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या मंडळींनी १२२१ मधुमेही मांजरांचे रक्त तपासले. ३१९ जणांत ह्या संप्रेरकाची निशाणी फार चढलेली निघाली, आणि चित्रांनी पडताळणी करून दर चार मधुमेही मांजरांत सुमारे एकास हा विकार असावा असा अंदाज त्यांनी २०१५ साली मांडला.  निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी ह्या विकाराला तोतया म्हटले आहे. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नावाने उभा राहिलेला तोतया ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा शब्द किती चपखल आहे ते सांगावयास नको : चेहरामोहरा मधुमेहाचा, आत माणूस दुसराच. पूर्वी विरळा समजलेला रोग असा, कोणी शोधलाच नव्हता म्हणून विरळा ठरलेला असतो. घरच्या माणसांना येथेही एक काम आहे. मांजराची पाच वर्षांपूर्वीची छायाचित्रे काढून शेजारी ठेवावीत. चेहरा रुंदावला आहे का, खालचा जबडा पुढे आला आहे का, पंजे थोराड झाले आहेत का, हे रोज पाहणाऱ्या डोळ्यांना कळत नाही, छायाचित्रांना कळते.

एक धोका आवर्जून सांगितला पाहिजे. मेंदूची सूज उतरविण्यासाठी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधे देतात आणि पेंगलेले मांजर दोन दिवसांत उठून दूध मागू लागते. घरात आनंदीआनंद होतो, 'साधाच आजार होता' असे ठरते आणि पुढील तपासणी राहून जाते. वस्तुतः गाठ तेथेच असते. तिच्याभोवतीची सूज तेवढी ओसरलेली असते. लिंफोमात तर हेच औषध पेशी तात्पुरत्या मारून पुराव्याची राखरांगोळी करते, आणि मागाहून घेतलेल्या नमुन्यात काही सापडत नाही. म्हणून परिस्थिती प्राणावर बेतलेली नसेल तर नमुने आणि चित्रे आधी, औषध नंतर, असा जाणत्यांचा आग्रह असतो. घरी उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने देणे तर सर्वस्वी वर्ज्य. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते.

एवढा खटाटोप करून नाव कळले तर उपयोग काय, असा प्रश्न वाचक करतील, आणि तो रास्त आहे. उत्तर नावावरच अवलंबून आहे. मांजराचा मेनिंजिओमा बहुधा घट्ट, कडा स्वच्छ असलेला असतो आणि शस्त्रक्रियेत मेंदूपासून सोलून निघतो. न्यूयॉर्कमधील पशुवैद्यकांनी १९९४ साली अशा ४२ मांजरांच्या शस्त्रक्रियांचा वृत्तान्त दिला. वर्षानंतर सुमारे दोन-तृतीयांश आणि दोन वर्षांनंतर निम्मी मांजरे जिवंत होती. दहा-बारा वर्षांच्या मांजरास दोन वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. शस्त्रक्रियेत दगावणारीही असतात, तेही मालकाला आधी सांगितले पाहिजे. पियूषिकेच्या गाठीवर किरणोपचार होतात. नेदरलंड्समधील उट्रेख्ट येथे आणि लंडनमध्ये ती ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही करतात. लिंफोमाला औषधे काही काळ दाद देतात. ग्लायोमाच्या मांजरासाठी मात्र अजून फारसे काही हाती नाही. त्याचे झटके आवरणे, त्याला खाऊपिऊ घालणे, आणि यातना वाढू लागल्या की त्याला शांतपणे निरोप देण्याचा निर्णय घेणे. हा निर्णय 'बहुधा' ह्या शब्दावर घ्यावयाचा की आणखी एका तपासणीनंतर, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्याला एमआरआय परवडत नाही त्याने आपले मांजर कमी प्रेमाने पाळले असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. कान, रक्तदाब, रक्त आणि आहार एवढे तपासून घेणे बहुतेकांच्या आवाक्यातले आहे, आणि बरे होणारे बहुतेक विकार तेवढ्यातच सापडतात.

ग्लायोमाबद्दल इतके थोडे का ठाऊक असावे? २०१७ साली अमेरिकेतील दोन विकृतिशास्त्रज्ञांनी मांजरांच्या ग्लायोमाचा खास अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा त्यांच्या हाताशी होती अवघी १३ मांजरे. आजवर जे काही कळले आहे ते अशा पाच-दहा-पंधरा मांजरांच्या पुंजीवर. अशा आकड्यांवरून कोणा एका मांजराचे आयुष्य किती उरले हे सांगू पाहणे धाडसाचे. शिवाय ग्लायोमाचे नेमके पोटनाव, ॲस्ट्रोसायटोमा की ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, हे चित्रावरून ठरत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखाली, पेशी रंगवून, विशिष्ट प्रथिनांच्या खुणा तपासूनच ठरते. जिवंतपणी कवटीला छिद्र पाडून नमुना घेता येतो, परंतु त्यात रक्तस्रावाचे भय असते आणि फार थोड्या ठिकाणी ते करतात. म्हणून पुष्कळ मांजरांचे निदान मृत्यूनंतरच पुरे होते, आणि तेही मालकाने शवविच्छेदनास संमती दिली तर.

आपल्याकडे अशी संमती सहसा कोणी मागत नाही, आणि मागितली तर घरातील माणसे दुखावतात. मेल्यावर तरी त्याला सुखाने राहू द्या, असे म्हणतात. ती भावना आम्हांस समजते. परंतु जवळच महूला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मुंबईस परळच्या महाविद्यालयाची परंपरा १८८६ पासूनची आहे. विचारले तर अशा ठिकाणी हे काम होऊ शकते. त्यासाठी देह तातडीने, बर्फाशेजारी ठेवून पण गोठू न देता, पोहोचवावा लागतो, कारण मेंदू फार लवकर नासतो आणि गोठला तर पेशी फुटतात. मग त्याचे बारीक काप मेणात बसवून काचपट्टीवर घेतात. पेनसिल्व्हेनियाच्या त्या अभ्यासातील पहिली मांजरे १९८५ सालची होती. त्यांची मोजदाद २००३ साली छापून आली, आणि ती होऊ शकली ती अशा जपून ठेवलेल्या कागदांच्या आणि काचपट्ट्यांच्या बळावर.